भाव तोच, माप आखडते

मुंबईत संगणकाच्या सुट्या भागांचा बाजार असलेल्या लॅमिंग्टन रोडवर प्रोसेसरचा, म्हणजे संगणकाच्या मुख्य चिपचा, भाव विचारला की दुकानदार कोटेशनच्या पॅडवर आकडा लिहून देतो आणि त्यावरची घासाघीस शे-दोनशे रुपयांत आटोपते. कॅबिनेट, कीबोर्ड, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) यांत पाचेकशे सोडायला तोच दुकानदार तयार असतो, कारण तिथे त्याला सुटतात. प्रोसेसरमध्ये फारसे सुटत नाहीत. हा भाव त्याच्या हातात नाही, त्याला माल पुरवणाऱ्या वितरकाच्याही हातात नाही. तो ठरतो कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा शहरात. आपल्या घरातल्या आणि कचेरीतल्या बहुतेक संगणकांचे प्रोसेसर विकणाऱ्या इंटेल आणि एएमडी या दोन्ही कंपन्यांची मुख्यालये आज त्याच एका शहरात आहेत. त्यांच्यातली एक ढिली पडली की दुसरी काय करते, हे गेल्या वीस वर्षांत दोनदा दिसले आहे, तेही पाळी बदलून.

स्पर्धा संपली की भाव चढतो, असे आपण गृहीत धरतो. प्रोसेसरचा भाव चढला नाही. तो जागच्या जागी राहिला, आणि म्हणूनच कुणी ओरडले नाही. जानेवारी २०११ मध्ये इंटेलच्या आय-७ २६००के चा यादीतला भाव ३१७ डॉलर होता. त्यात (कोअर म्हणजे चिपमधला गणित करणारा स्वतंत्र भाग, थ्रेड म्हणजे एका वेळी चालणाऱ्या कामाची ओळ) चार कोअर, आठ थ्रेड. जानेवारी २०१७ मध्ये आय-७ ७७००के आला तो ३३९ डॉलरला. चार कोअर, आठ थ्रेड. मधल्या सहा वर्षांत ३७७०के, ४७७०के, ४७९०के, ६७००के येऊन गेले. सगळ्यांचे कोअर चार, सगळ्यांचा भाव तीनशे ते साडेतीनशे डॉलरच्या पट्टीत. हे भाव हजार नगांच्या खरेदीचे आणि कर सोडून असतात, पण एकमेकांशी ताडून पाहायला तेच सोयीचे.

तूरडाळीचा भाव सहा वर्षे हलला नाही तर घरात आनंद होईल आणि तो रास्तच असेल, कारण डाळीचा दाणा सहा वर्षांनीही तेवढाच असतो. चिपचे तसे नाही. तेवढ्याच सिलिकॉनवर दर दोन-तीन वर्षांनी जवळपास दुप्पट ट्रान्झिस्टर (विजेचे सूक्ष्म खटके) बसवता येतात, हे या धंद्याचे मूळ. त्यामुळे इथे भाव टिकून राहणे ही बातमीच नाही. त्या भावात माप किती वाढले, हे पाहायचे असते. माप वाढले नाही, तर वाढलेला सगळा वाटा विकणाऱ्याकडे राहिला. प्रोसेसरचा स्थिर भाव ही छुपी भाववाढ आहे, असे माझे म्हणणे आहे, आणि ती छुपी असल्यामुळे उघड भाववाढीपेक्षा जास्त घातक आहे.

माप वाढते तेव्हा कसे वाढते, ते आधी पाहू. ऑगस्ट २००५ मध्ये एएमडीचा सर्वांत स्वस्त दोन कोअरवाला, अॅथलॉन ६४ एक्स-२ ३८००+, ३५४ डॉलरला होता. इंटेलचे पेंटियम डी त्या वेळी तापत होते, वीज खात होते आणि मागे पडत होते. जुलै २००६ मध्ये इंटेलने कोअर २ ड्युओ आणला आणि त्याच महिन्यात एएमडीला ३८००+ चा भाव निम्म्यावर, १५२ डॉलरवर आणावा लागला. इंटेल तिथे थांबली नाही. जानेवारी २००७ मध्ये ८५१ डॉलरला आलेला चार कोअरचा क्यू६६०० त्याच वर्षी जुलैत २६६ डॉलरवर उतरला. चिप तीच, डबा तोच, सहा महिन्यांत भाव एक तृतीयांशाच्याही खाली. म्हणजे २००५ च्या उन्हाळ्यात दोन कोअरला जेवढे मोजावे लागत होते, त्याहून कमी पैशांत दोन वर्षांनी चार कोअर मिळू लागले.

त्यानंतर चार कोअरवरून आठवर जायला सामान्य गिऱ्हाइकाला दहा वर्षे लागली.

मधे घडले ते असे. ऑक्टोबर २०११ मध्ये एएमडीने बुलडोझर घराण्याचा एफएक्स-८१५० काढला, २४५ डॉलरला. डब्यावर आठ कोअर लिहिलेले होते, पण दोन-दोन कोअरमध्ये दशांशाच्या गणिताचा भाग सामायिक होता आणि एकेका कोअरचा वेग इतका कमी की रोजच्या पुष्कळ कामांत तो आपल्याच घरच्या जुन्या फेनॉमपेक्षा फारसा पुढे जात नव्हता. वीज मात्र भरपूर खात होता. एएमडीने स्वतःचे चिपचे कारखाने २००९ मध्येच वेगळे काढले होते. २०१५ मध्ये तिचा संशोधनावरचा खर्च वर्षाला एक अब्ज डॉलरच्या आत आला. इंटेलचा तोच खर्च बारा अब्जांच्या आसपास होता. वरच्या दर्जाच्या प्रोसेसरमध्ये इंटेलला आव्हान देणारे कुणी उरले नाही.

या काळात इंटेल काय वाचवत होती, ते चिपच्या क्षेत्रफळात अगदी स्पष्ट दिसते. २६००के ची चिप ३२ नॅनोमीटरवर (हा आकडा चिप बनवण्याच्या पद्धतीचा; तो जितका लहान तितके ट्रान्झिस्टर बारीक) बनलेली, २१६ चौरस मिलिमीटरची. २०१२ ची ३७७०के २२ नॅनोमीटरवर, १६० चौ.मि.मी. २०१५ ची ६७००के १४ नॅनोमीटरवर, सुमारे १२२ चौ.मि.मी. चिपा ज्या तबकडीवर कोरतात ती ३०० मिलिमीटर व्यासाची असते. कडेचे वाया जाणारे तुकडे वजा केले तर अशा एका तबकडीतून २१६ च्या मापाच्या सुमारे २८० चिपा निघतात आणि १२२ च्या मापाच्या सुमारे ५२०. बिघाड झालेल्या चिपा दोन्हीकडे गळतात, तो भाग वेगळा. शिवाय १४ नॅनोमीटरची तबकडी तयार करायला ३२ नॅनोमीटरपेक्षा जास्त खर्च येतो, हेही खरे, त्यामुळे प्रत्येक चिपचा खर्च निम्मा झाला असे म्हणता येणार नाही. पण त्या १२२ चौ.मि.मी. मध्येही मोठा भाग ग्राफिक्सने व्यापलेला होता. चार कोअरला लागणारी जागा वर्षागणिक घटत गेली आणि मोकळी झालेली जागा कोअर वाढवायला वापरली गेली नाही; चिपच लहान करण्यात आली. याच वर्षांत इंटेलचा ढोबळ नफा विक्रीच्या साठ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून वर राहिला. २०१५ मध्ये एएमडीचा तोच आकडा तिशीच्याही खाली होता.

इंटेलची बाजू मांडणारे म्हणतात, यात डांबिसपणा कसला, तंत्रज्ञानच अडले होते. या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते टाळून पुढे जाणे बरोबर नाही. २००५ च्या सुमारास ट्रान्झिस्टर लहान केला की वीज त्याच प्रमाणात कमी लागण्याची सोय संपली, त्यामुळे गिगाहर्ट्झ चढेनासे झाले. १४ नॅनोमीटर उशिरा आले, १० नॅनोमीटर तर कित्येक वर्षे रखडले. एकेका कोअरचा वेग पिढीमागे पाच-दहा टक्क्यांनीच वाढला यात निसर्गाचा वाटा मोठा होता. पण कोअर किती द्यायचे, हा निसर्गाचा प्रश्न नव्हता. त्याचा पुरावा एकाच वर्षातला आहे, २०१७ मधला.

जानेवारी २०१७ मध्ये इंटेलच्या यादीत आय-३ ७१०० होता: दोन कोअर, ११७ डॉलर. त्याच यादीत आय-५ ७४०० होता: चार कोअर, ३.० ते ३.५ गिगाहर्ट्झ, ६ एमबी कॅश (चिपमधलीच वेगवान मेमरी), १८२ डॉलर. मार्चच्या २ तारखेला एएमडीचा रायझन विक्रीला आला. रायझन ७ १७०० मध्ये आठ कोअर, सोळा थ्रेड, ३२९ डॉलर. म्हणजे इंटेलच्या चार कोअरच्या ७७००के पेक्षा दहा डॉलर कमी. इंटेलकडे आठ कोअरचा प्रोसेसर होताच, आय-७ ६९००के, पण तो हजार डॉलरच्या वर. ऑक्टोबरात इंटेलने नवी यादी काढली. आय-३ ८१००: चार कोअर, ३.६ गिगाहर्ट्झ, ६ एमबी कॅश, ११७ डॉलर. जानेवारीत आय-५ म्हणून १८२ डॉलरला विकला जाणारा ऐवज नऊ महिन्यांनी आय-३ म्हणून ११७ डॉलरला आला, आणि थोडा वेगवान होऊन आला. आय-७ ८७००के ला सहा कोअर मिळाले, ३५९ डॉलरला. लॅपटॉपच्या १५ वॅटच्या आय-५ मध्ये दोन कोअर होते तिथे त्याच ऑगस्टमध्ये चार झाले, जवळपास त्याच भावात. हे सगळे १४ नॅनोमीटरवरच. कारखाना, पद्धत, कोअरची मूळ रचना, काहीच नवे नव्हते. चिपचा आराखडा काढून ती बाजारात आणायला वर्ष-दीड वर्ष तरी लागते, म्हणजे सहा कोअरची तयारी आधीपासून चालू होती हे उघड आहे. पण आय-३ मध्ये चार कोअर कोणत्या भावात द्यायचे, हा निर्णय यादी छापण्याआधी घेता येतो. तो घेतला गेला, कारण समोर कुणीतरी उभे राहिले.

महागड्या बाजूचे उदाहरण याहून बोलके. अठरा कोअरचा आय-९ ९९८०एक्सई २०१८ मध्ये १,९७९ डॉलरला होता. २०१९ मध्ये त्याचाच वारस, तेवढ्याच अठरा कोअरचा, त्याच १४ नॅनोमीटरचा १०९८०एक्सई आला ९७९ डॉलरला. एक हजार डॉलर एका वर्षात गळून पडले, कारण एएमडीचे थ्रेडरिपर हे पुष्कळ कोअरचे प्रोसेसर समोर होते. ते हजार डॉलर आदल्या वर्षीही उत्पादनखर्चाचे नव्हते.

मग एकट्या पडलेल्या इंटेलने भाव सरळ वाढवले का नाहीत? इथे प्रोसेसरचा एक गुण आड येतो. तो झिजत नाही. पंखा जातो, पॉवर सप्लाय जातो, बोर्डावरचे कपॅसिटर फुगतात. प्रोसेसर दहा-दहा वर्षे चालतो. २०११ चा आय-५ २५००के साध्या हवेच्या कूलरवर साडेचार गिगाहर्ट्झच्या आसपास नेऊन लोक २०१७ पर्यंत वापरत होते. एएमडी मागे पडल्यावर इंटेलला स्पर्धा राहिली ती आपणच विकलेल्या, लोकांच्या टेबलाखाली बसलेल्या या प्रोसेसरची. नव्याचा भाव चारशे केला असता तर लोकांनी जुन्यावरच भागवले असते. भाव दोनशे केला असता तर काही जास्त गिऱ्हाइके आली असती, पण ज्यांना नवीन संगणक घ्यायचाच होता त्यांच्याकडूनचे शंभर डॉलर हातचे गेले असते. त्यामुळे भाव होता तिथेच ठेवायचा, पाच-दहा टक्के वेग वाढवायचा, जुना नमुना यादीतून काढून घ्यायचा, नवा त्याच खणात ठेवायचा. जुन्या नमुन्याचा भाव उतरवायचा नाही, ही त्यातली महत्त्वाची पायरी. २००७ मध्ये क्यू६६०० उतरला तसे या काळात घडले नाही. जुना माल स्वस्त झाला असता तर नव्याला उठाव राहिला नसता.

भाव स्थिर ठेवून माप कसे आखडता येते, याचे प्रकार अनेक. हायपरथ्रेडिंग, म्हणजे एका कोअरवर दोन थ्रेड चालवणे, हा चिपमध्ये असलेलाच गुण. तो आय-५ मध्ये बंद ठेवायचा आणि आय-७ मध्ये चालू करून शंभर डॉलर जास्त घ्यायचे. वेग वाढवण्याचे कुलूप फक्त ‘के’ शेपटीच्या प्रोसेसरवर उघडे ठेवायचे. २०१० मध्ये तर इंटेलने पेंटियम जी६९५१ नावाचा प्रोसेसर काढला होता, ज्याच्यासाठी ५० डॉलरचे एक कार्ड वेगळे विकत मिळे. कार्डावरचा आकडा सॉफ्टवेअरमध्ये घातला की चिपमध्ये आधीपासून असलेली जास्तीची कॅश आणि हायपरथ्रेडिंग चालू होत. गिऱ्हाइकाने विकत घेऊन घरी आणलेल्या वस्तूचा एक भाग कुलपात होता आणि किल्ली वेगळी विकली जात होती. पुढच्याच वर्षी ती योजना गुंडाळली गेली.

दुसरा प्रकार चिपच्या धातूच्या झाकणाखालचा. २६००के मध्ये चिप आणि झाकण यांच्यामध्ये धातूचा डाख असे. २०१२ च्या ३७७०के पासून त्याजागी साधी पेस्ट आली. पेस्टमधून उष्णता कमी वाहते, शिवाय झाकण चिकटवणाऱ्या गोंदाच्या थरामुळे मधली फट वाढते, त्यामुळे वेग वाढवल्यावर तापमान झपाट्याने चढते. मे महिन्यात मुंबईच्या बिनएसी खोलीत ३४-३५ अंशांच्या हवेत हा फरक सोसवत नाही. प्रोसेसर शंभरीकडे गेला की स्वतःचा वेग उतरवतो आणि संगणक ‘हळू झाला’ म्हणून दुकानात येतो. हौशी लोक झाकण उचकटून आत चांगली पेस्ट भरत, वॉरंटीवर पाणी सोडून. डाख परत आला २०१८ मध्ये, ९९००के मध्ये. तोवर रायझनमध्ये तो पहिल्या दिवसापासून होता.

तिसरा प्रकार बोर्डाचा, म्हणजे प्रोसेसर ज्यावर बसतो त्या मदरबोर्डाचा, आणि आपल्याकडे खिशाला तोच जास्त लागतो. २०११ ते २०१७ दरम्यान इंटेलचे सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) ११५५, ११५०, ११५१ असे बदलत गेले. ८७००के चे सॉकेट तर नावाने आणि पिनांच्या संख्येने तेच ११५१, तरी वर्षभरापूर्वी घेतलेल्या झेड२७० बोर्डावर तो चालत नव्हता. प्रोसेसर बदलायचा म्हणजे बोर्ड बदलायचा, मग कधी रॅमही. लॅमिंग्टन रोडच्या कोटेशनमध्ये हे सहा ते दहा हजार रुपये ‘बोर्ड’ या ओळीत दिसतात, प्रोसेसरच्या ओळीत दिसत नाहीत. म्हणून प्रोसेसर ताडताना नेहमी प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम या तिन्हींची बेरीज मांडावी आणि चार वर्षांनी यातले काय ठेवता येईल ते विचारून घ्यावे.

आता हा ‘स्थिर’ भाव रुपयांत मांडून पाहा. जानेवारी २०११ मध्ये डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता. ३१७ डॉलरचे १४,२६५ रुपये होत. जानेवारी २०१७ मध्ये डॉलर ६८ च्या आसपास; ३३९ डॉलरचे २३,०५२ रुपये. म्हणजे अमेरिकेत बसून जे लिहीत होते की भाव सहा वर्षे हलला नाही, त्यांच्या हिशेबाने सात टक्के वाढ, आणि दादरच्या विद्यार्थ्याच्या हिशेबाने जवळपास बासष्ट टक्के. माप जर नेहमीच्या गतीने वाढत राहिले असते, तर रुपयाच्या घसरणीचा फटका त्यात जिरला असता. आधीच्या वर्षांत तो तसा जिरत आला होता. ते थांबले तेव्हा सगळा भार आपल्यावर पडला. त्याच वर्षी जुलैत मुंबईची जकात गेली आणि १८ टक्के जीएसटी आला. इंटिग्रेटेड सर्किटवर आयातशुल्क शून्य आहे, त्यामुळे सरकारी भाग तो एवढाच. नोंदणी असलेल्या डीटीपीवाल्याला जीएसटीचे क्रेडिट मिळते. घरासाठी घेणाऱ्याला मिळत नाही.

आणखी एक आक्षेप नेहमी येतो: जास्त कोअर देऊन उपयोग काय, सॉफ्टवेअर ते वापरतच नव्हते. गिरगावातल्या डीटीपीच्या दुकानापुरते हे बरेचसे खरे. कोरलमध्ये लग्नपत्रिका लावताना एकाच कोअरच्या वेगाला महत्त्व असते. पण अंधेरीतल्या एडिटिंगच्या खोलीत किंवा आर्किटेक्टच्या कचेरीत उलट. चार कोअरवर रात्रभर, आठ तास चालणारे रेंडरिंग आठ कोअरवर साडेचार तासांत उरकते, म्हणजे सकाळी गिऱ्हाइकाने बदल सांगितला तर त्याच दिवशी दुसरी फेरी होते. सॉफ्टवेअर लिहिणारा बहुसंख्य लोकांच्या टेबलावर काय आहे ते पाहून लिहितो. सहा वर्षे टेबलावर चारच कोअर राहिले, म्हणून सॉफ्टवेअरही चारवर अडकले.

इथवरच्या मजकुरावरून इंटेल दुष्ट आणि एएमडी गरिबांची वाली असे कुणी समजेल, आणि समाजमाध्यमांवर मराठी-इंग्रजी दोन्हींत तसेच समजले जाते. २०२० ते २०२२ मध्ये काय झाले ते पाहावे. जुलै २०१९ मध्ये सहा कोअरचा रायझन ५ ३६०० एएमडी १९९ डॉलरला विकत होती. नोव्हेंबर २०२० मध्ये रायझन ५००० आला. तो एका कोअरच्या वेगातही इंटेलच्या पुढे गेला, आणि त्याच दिवशी सहा कोअरचा सर्वांत स्वस्त नमुना २९९ डॉलरचा झाला. दोनशेच्या खणात नव्या पिढीचे काही ठेवलेच नाही. महामारीतला तुटवडा होता, कारखान्याची क्षमता अपुरी होती, हे मान्य. पण तुटवडा संपायच्या आधी दुसरेच काही घडले: इंटेलची बारावी पिढी आली आणि जानेवारी २०२२ मध्ये सहा कोअरचा आय-५ १२४०० हा १९२ डॉलरला मिळू लागला. एप्रिल २०२२ मध्ये एएमडीने रायझन ५ ५६०० काढला. भाव १९९ डॉलर. सतरा महिने रिकामा ठेवलेला खण इंटेलच्या एका प्रोसेसरने भरायला लावला.

बोर्डांचेही तेच. २०२० च्या मे महिन्यात एएमडीने सांगितले होते की रायझन ५००० जुन्या बोर्डांवर चालणार नाही. ओरड झाल्यावर ४०० मालिकेच्या बोर्डांना परवानगी मिळाली. २०१७ च्या ३०० मालिकेला मिळाली नाही. बायॉसच्या (बोर्ड सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) चिपमध्ये जागा पुरत नाही वगैरे कारणे दिली गेली. मार्च २०२२ मध्ये, इंटेलचे नवे प्रोसेसर बाजारात बसल्यावर, त्याच ३०० मालिकेला अधिकृत परवानगी मिळाली. बी३५० बोर्डातली चिप पाच वर्षांत मोठी झाली नव्हती. ज्यांनी २०२१ मध्ये निराश होऊन बोर्ड बदलला, त्यांचे सात-आठ हजार गेले ते गेलेच.

आज पाळी पुन्हा फिरते आहे. इंटेलला २०२४ मध्ये जवळपास १९ अब्ज डॉलरचा तोटा झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारनेच तिचा सुमारे दहा टक्के हिस्सा घेतला. गेमिंगच्या वरच्या गटात एएमडीच्या एक्स-३डी (जास्तीची कॅश असलेल्या) प्रोसेसरांना तोड उरलेली नाही. २०२३ मध्ये ७८००एक्स३डी ४४९ डॉलरला आला होता, २०२४ मध्ये ९८००एक्स३डी ४७९ ला आला, कोअर दोन्हीत आठच. इंटेल बुडाली तर बरे होईल असे म्हणणाऱ्यांनी हा आठ कोअरचा आकडा लक्षात ठेवावा. २०१७ च्या रायझन ७ मध्येही आठच होते.

तिसरा कुणी का येत नाही? कारण एक्स-८६ ही या प्रोसेसरांची आज्ञांची भाषा खासगी मालकीची आहे. एएमडीला ती मिळाली ती आयबीएमने दुसऱ्या पुरवठादाराचा आग्रह धरला म्हणून, १९८२ च्या करारातून. पुढे ६४ बिटांची वाढ एएमडीने केली आणि ती इंटेलला घ्यावी लागली, म्हणून दोघी एकमेकींच्या परवान्यात अडकल्या. दुसऱ्या पुरवठादाराचा हट्ट एका मोठ्या गिऱ्हाइकाने धरला, एवढ्यावर चाळीस वर्षांची स्पर्धा उभी राहिली, हे विसरू नये. एआरएम या दुसऱ्या भाषेवरचे अॅपल आणि क्वालकॉमचे प्रोसेसर लॅपटॉपमध्ये शिरले आहेत, पण सुटे प्रोसेसर म्हणून लॅमिंग्टन रोडवर मिळत नाहीत. आपल्याकडे पवईच्या आयआयटीत ‘अजित’, मद्रासच्या आयआयटीत ‘शक्ती’, सी-डॅकमध्ये ‘वेगा’ हे प्रोसेसर झाले, हे मोलाचे काम आहे. पण अजित चंडीगडजवळ मोहालीला १८० नॅनोमीटरवर बनला; त्याची जागा मीटरमध्ये, उपकरणांत, उपग्रहाच्या कामात आहे. तो टेबलावर येईपर्यंत आपल्याला दोनच कंपन्यांशी व्यवहार करायचा आहे.

कायद्याकडून अपेक्षा किती ठेवायची? युरोपीय आयोगाने २००९ मध्ये इंटेलला १.०६ अब्ज युरोंचा दंड केला, संगणक उत्पादकांना एएमडीपासून दूर ठेवण्यासाठी दिलेल्या सवलतींबद्दल. सवलतींपुरता तो निकाल २०२२ मध्ये न्यायालयात रद्द झाला आणि २०२४ मध्ये वरच्या न्यायालयातही टिकला नाही. इंटेलने त्याच २००९ मध्ये एएमडीला १.२५ अब्ज डॉलर देऊन तडजोड केली. पैसे मिळाले, पण हातचा गेलेला बाजार मिळाला नाही, आणि दोन वर्षांत बुलडोझर आपटला. आपल्या स्पर्धा आयोगाने २०१९ मध्ये इंटेलच्या भारतापुरत्या वॉरंटी धोरणाची चौकशी करायचा आदेश दिला होता. भारतातल्या अधिकृत वितरकाकडून घेतलेल्या डब्यालाच इथे वॉरंटी, हा तक्रारीचा विषय. असे दाखले महत्त्वाचे आहेत. पण कायदा दांडगाई पकडतो. त्याच भावात तेवढेच माप देत राहणे, हा कुठल्याच कायद्यात गुन्हा नाही, आणि होऊही शकत नाही.

म्हणून दुसरी कंपनी जिवंत ठेवण्याचे काम गिऱ्हाइकावर येते, आणि त्यात एकट्या-दुकट्या गिऱ्हाइकापेक्षा महापालिका, विद्यापीठे, बँका, शाळा यांच्यावर. ही मंडळी शेकड्यांनी यंत्रे घेतात. निविदेत ‘इंटेल कोअर आय-५ किंवा समतुल्य’ असे लिहिले की समतुल्य म्हणजे काय हे कुणीच ठरवत नाही. पुरवठादार धोका नको म्हणून नाव लिहिलेले तेच देतो. २००४ मध्ये युरोपीय आयोगाने आपल्या काही सदस्य देशांना याच एका ओळीबद्दल जाब विचारला होता. आपल्याकडेही ती ओळ काढून कामाचे माप लिहिता येते.

माप बाजारू बेंचमार्कवर सोडू नये. २०११ मध्ये एएमडी, एनव्हिडिया आणि व्हिया या तिघांनी सिसमार्क या वेगचाचणीच्या संस्थेतून अंग काढून घेतले; तिचे मोजमाप इंटेलकडे झुकलेले आहे, असा एएमडीचा आक्षेप होता. स्वतःच्या कचेरीतली कामे घ्यावीत. युनिकोड मराठीतला दोनशे पानांचा अहवाल पीडीएफ करायला लागणारे सेकंद, पन्नास हजार ओळींची एक्सेल पुन्हा मोजायला लागणारे सेकंद, ब्राउझरमध्ये वीस खिडक्या उघड्या असताना खात्याचे संकेतस्थळ उघडायला लागणारे सेकंद, आणि या सगळ्यात भिंतीच्या सॉकेटवर मोजलेले वॅट. प्रत्येक बोलीदाराने एक नमुना यंत्र आणून द्यायचे, तीन-तीन वेळा मोजून मधला आकडा धरायचा, नमुन्याला सील लावून पुरवठा झाल्यावर त्यातली दोन यंत्रे पुन्हा मोजायची. एका माणसाचे दोन दिवसांचे काम आहे. यात एक चूक हमखास होते: आठ जीबी रॅमची एकच पट्टी असलेले यंत्र आणि दोन पट्ट्या असलेले यंत्र एकमेकांशी ताडले जाते. एकाच पट्टीत मेमरीचा मार्ग निम्मा होतो आणि चिपमधल्या ग्राफिक्सला तो जास्त जाचतो, एएमडीच्या मोठ्या ग्राफिक्सला विशेष. मग ‘एएमडी हळू आहे’ असा शेरा फायलीत चढतो आणि पुढची दहा वर्षे तिथेच राहतो. म्हणून निविदेत रॅमच्या पट्ट्यांची संख्या लिहावी, वॉरंटी वर्षांत आणि जागेवर लिहावी, प्रोसेसर व बोर्ड यांची नावे अजिबात लिहू नयेत.